अणूचा क्लास नको, अणूंचा करा : वैज्ञानिक सिम्युलेशनसाठी डेटा स्ट्रक्चर निवडताना

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग नीट शिकलेला कुणीही रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन लिहायला बसला, की पहिल्या तासाभरात ‘अणू’ नावाचा क्लास तयार होतो. आत स्थान, वेग, बल, वस्तुमान. ‘बल काढ’ आणि ‘पुढे सरक’ अशा दोन मेथड. आणि बाहेर अशा अणूंच्या पॉइंटरांची एक लांबलचक लिस्ट. कोड वाचायला छान दिसतो. हजारभर अणूंवर बरा पळतोही. लाखावर गेलात की रात्रभर चालवूनही हाती काही लागत नाही, आणि मग खापर भाषेवर नाहीतर लॅपटॉपवर फुटतं.

गंमत अशी, की ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धत जन्मलीच सिम्युलेशनसाठी. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये उले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा रचली. सिम्युला ६७ मध्ये क्लास आणि इनहेरिटन्स आले. पण ती घटनांवर चालणारी सिम्युलेशनं होती. रांगेतलं गिऱ्हाईक, कारखान्यातलं यंत्र असे घटक त्यात मोजके असतात आणि प्रत्येकाची वागणूक निराळी असते. द्रवातल्या अणूंचं नेमकं उलट. घटक लाखो, वागणूक एकच. तुमचं सिम्युलेशन या दोनपैकी कुठल्या जातीचं आहे, हे ठरलं की निम्मी निवड झालीच. इथे दुसऱ्या जातीबद्दल सविस्तर सांगतो. पहिलीकडे शेवटाला येऊ.

## उदाहरण : द्रवरूप आर्गॉन

मूळच्या हैदराबादच्या अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये सीडीसी ३६०० या संगणकावर ८६४ आर्गॉन अणूंचं सिम्युलेशन प्रसिद्ध केलं. या क्षेत्राची पायाभरणी झाली ती त्या कामातून. आपणही आर्गॉनच घेऊ, फक्त अणू १ लाख. दोन अणूंमधलं बल लेनर्ड-जोन्स सूत्राने. अंतरं सिग्मा (अणूचा ढोबळ व्यास) या एककात मोजायची. आर्गॉनसाठी सिग्मा सुमारे ०.३४ नॅनोमीटर. २.५ सिग्माच्या पलीकडचं बल सोडून द्यायचं. घनता दर घन-सिग्माला ०.८ अणू धरली, तर पेटीची बाजू बरोबर ५० सिग्मा येते. पेटीच्या भिंती आवर्ती, म्हणजे उजवीकडून बाहेर पडलेला अणू डावीकडून आत येतो.

## पायरी १ : कोड बाजूला ठेवा, वाचन-लेखनाचा हिशोब मांडा

एक कागद घ्या आणि प्रत्येक राशीसमोर लिहा : एका टाइमस्टेपमध्ये (सिम्युलेशनच्या वेळेच्या एका छोट्या टप्प्यात) ही किती वेळा वाचली जाते, किती वेळा लिहिली जाते, आणि कुठल्या क्रमाने. आपल्या उदाहरणात स्थान हे प्रत्येक अणूमागे काही डझन वेळा वाचलं जातं, कारण तो अनेकांचा शेजारी असतो. बलात तितक्याच लगबगीने भर पडत राहते. वेग मात्र टाइमस्टेपमागे एकदा-दोनदाच लागतो, तोही ओळीने. वस्तुमान सगळ्यांचं सारखंच. आणि अणूचा ओळखक्रमांक निकाल फाइलमध्ये लिहितानाच आठवतो.

क्लासमध्ये हे सगळं एकत्र कोंबलं, कारण ‘हे सगळं अणूचंच आहे’. पण बल काढणाऱ्या लूपला अणूशी काही देणंघेणं नाही. त्याला फक्त स्थानं हवीत.

## पायरी २ : क्लासची सीमा वर न्या

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही. ऑब्जेक्ट नकोत असं नाही. ते चुकीच्या पातळीवर आहेत. एक अणू हा ऑब्जेक्ट नको. सगळ्या अणूंचा संच हा एक ऑब्जेक्ट असू द्या. बलाचं सूत्र दुसरा, इंटिग्रेटर (बलावरून पुढचा वेग आणि स्थान काढणारा) तिसरा, थर्मोस्टॅट (तापमान राखणारा) चौथा, शेजारी शोधणारा पाचवा. लेनर्ड-जोन्सच्या जागी उद्या मोर्स सूत्र घालायचं असेल, तर इनहेरिटन्स इथे मनसोक्त वापरा. व्हर्च्युअल फंक्शनचा (कुठल्या क्लासची मेथड चालवायची हे प्रोग्रॅम चालतानाच ठरतं, त्याचा) खर्च तेव्हा टाइमस्टेपमागे एकदाच पडतो. अणूच्या पातळीवर व्हर्च्युअल ठेवलंत, तर तोच खर्च प्रत्येक जोडीमागे, म्हणजे टाइमस्टेपला लाखो वेळा. शिवाय फंक्शन इनलाइन करण्याची आणि एका सूचनेत चार-चार आकडे हाताळण्याची कंपाइलरची संधी जाते, आणि खरं नुकसान बहुतेकदा तेच असतं.

लॅम्प्स (LAMMPS) हे अणू-रेणूंच्या सिम्युलेशनचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर उघडून पाहा. सी प्लस प्लसमध्ये आहे, क्लास भरपूर आहेत, बलाचा प्रत्येक प्रकार वेगळा वारसा घेतो. पण ‘ॲटम’ नावाच्या क्लासमध्ये एक अणू नाही, सगळ्या अणूंचे ॲरे आहेत.

## पायरी ३ : मेमरीतली मांडणी

आकडे मांडू. डबल म्हणजे ८ बाइट. स्थान २४, वेग २४, बल २४, वस्तुमान ८, विद्युतभार ८ (आर्गॉनला नसतो, पण ‘पुढे लागेल’ म्हणून सगळे ठेवतातच), ओळखक्रमांक ४, प्रकार ४. एकूण ९६ बाइट. एक व्हर्च्युअल फंक्शन टाकलंत की १०४. लाख अणूंचे ९६ लाख बाइट होतात, त्यातली स्थानं फक्त २४ लाख बाइट. नुसती स्थानं प्रोसेसरच्या कॅशे (त्याच्या जवळच्या छोट्या, वेगवान) मेमरीत मावण्याची शक्यता बरीच जास्त, आणि मुख्य मेमरीपर्यंतची फेरी कॅशेच्या तुलनेत कित्येक पटींनी महाग.

शिवाय प्रोसेसर मेमरीतून सुटा आकडा आणत नाही. इंटेल-एएमडीच्या यंत्रांवर तो ६४ बाइटांची पट्टीच उचलतो. स्थानाचे २४ बाइट मागितलेत, तर सोबत वेग आणि बल बिनबुलाए येतात आणि कॅशेतली जागा अडवतात.

म्हणून सर्वसाधारण सल्ला दिला जातो : प्रत्येक राशीचा स्वतंत्र ॲरे करा. एक्सचा एक, वायचा एक, झेडचा एक. इंटिग्रेटरसाठी हे उत्तम, कारण तो सरळ ओळीने जातो. पण शेजाऱ्यांच्या लूपमध्ये उड्या असतात. ४१२ नंबरच्या अणूचे शेजारी ७, ९०२३, ५५१० असे कुठेही. तिथे एक्स, वाय, झेड तीन ठिकाणी असले तर एका शेजाऱ्यासाठी तीन पट्ट्या आणाव्या लागतात. त्यापेक्षा तिन्ही घटक शेजारी-शेजारी ठेवलेला एकच स्थानांचा ॲरे बरा.

त्यातही एक बारकावा आहे. २४ बाइटांचे अणू ६४ च्या पट्टीत नेमके बसत नाहीत. ॲरे पट्टीच्या सुरुवातीपासून मांडला, तर दर ८ अणूंपैकी २ अणू दोन पट्ट्यांवर तुटतात. चौथी जागा जोडून अणूमागे ३२ बाइट केले की एकही तुटत नाही, आणि त्या जागेत प्रकार किंवा विद्युतभार बसवता येतो. मेमरी एक-तृतीयांशाने वाढते. परवडतं का, ते मोजून ठरवा. ग्राफिक्स कार्डावर मात्र चार-चारची ही मांडणी सर्रास वापरली जाते.

माझा कल असा : स्थानांचा एक ॲरे, बलांचा एक, वेगांचा एक, प्रत्येकात तीन (किंवा चार) घटक एकत्र, बाकी सगळं सुटं. पूर्ण सुटे ॲरे तेव्हाच, जेव्हा तुमचा मुख्य लूप ओळीने जाणारा असेल, जसं जाळीवरचं उष्णतावहन.

आणि ‘अणू क्रमांक ५ चा वेग’ असं सुटसुटीत लिहायची हौस असेल, तर संचाचा पॉइंटर आणि इंडेक्स एवढंच धरणारा छोटा प्रॉक्सी क्लास करा. कंपाइलर तो विरघळवून टाकतो. तो साठवून मात्र ठेवू नका; कारण पायरी ६ मध्ये.

## पायरी ४ : शेजारी शोधणं

खरी लढाई इथे आहे. लाख अणूंच्या सगळ्या जोड्या तपासायच्या तर जवळपास ५०० कोटी. कुठलीही मांडणी यातून वाचवणार नाही.

उपाय दोन थरांचा. वरचा थर म्हणजे लूप व्हर्ले यांनी १९६७ मध्ये मांडलेली शेजाऱ्यांची यादी : २.५ ऐवजी थोड्या मोठ्या, समजा २.८ सिग्मा त्रिज्येतले शेजारी एकदा टिपून ठेवायचे आणि काही टाइमस्टेप तीच यादी वापरायची. सर्वाधिक सरकलेला अणू ०.१५ सिग्मापेक्षा, म्हणजे जादा कातडीच्या (२.८ वजा २.५, म्हणजे ०.३) निम्म्यापेक्षा, जास्त सरकला की यादी नव्याने करायची. निम्मीच का? दोन अणू समोरासमोरून येत असतील तर दोघांचं सरकणं मिळून ०.३ होतं.

खालचा थर म्हणजे ही यादी झटपट बनवण्यासाठी पेटीचे चौकोनी कप्पे. कप्प्याची बाजू २.८ पेक्षा कमी चालणार नाही. ५० ला २.८ ने भागलं तर १७.८६ येतात. इथे १८ कप्पे करण्याचा मोह आवरा : मग बाजू २.७८ होते, आणि शेजारच्या कप्प्यांपलीकडची एखादी जोडी गुपचूप निसटते. प्रोग्रॅम कोसळत नाही, फक्त ऊर्जा हळूहळू घसरते किंवा चढते, आणि कारण शोधताना तुम्ही इंटिग्रेटर उलटापालटा करत बसता. खालचा पूर्णांकच घ्यायचा : १७. एकूण ४,९१३ कप्पे, प्रत्येकात सरासरी २० अणू.

आता स्वतःचा आणि भोवतालचे मिळून २७ कप्पे तपासले की एका अणूमागे सुमारे ५५० उमेदवार येतात. त्यातले ७४ यादीत जातात, आणि प्रत्यक्ष बलाच्या टप्प्यात साधारण ५२ असतात. नुसत्या कप्प्यांवर भागवलंत तर दहात नऊ तपासण्या वाया. यादी केलीत तर दहातल्या सात कामाच्या. म्हणून दोन्ही हवेत.

कप्पे कशात ठेवायचे? प्रत्येक कप्प्याला एक लिस्ट देण्याचा विचार लगेच सुचतो, आणि तो सोडून द्यावा. हजारो छोट्या लिस्ट म्हणजे मेमरी मागण्या-सोडण्याचा सततचा घोळ. त्याऐवजी मोजणीचं सॉर्टिंग वापरा:

१. प्रत्येक अणूचा कप्पा क्रमांक काढा आणि त्या कप्प्याची मोजणी एकने वाढवा.
२. मोजण्यांची चढती बेरीज करा. कुठला कप्पा कुठून सुरू होतो ते मिळालं.
३. अणूंचे इंडेक्स त्या-त्या जागी टाका.

झालं. दोन साधे पूर्णांकांचे ॲरे, एकदा मागितलेली मेमरी, पुढे तीच. शेजाऱ्यांची यादीही याच पद्धतीने ठेवा : एक सलग ॲरे शेजाऱ्यांचा, एक ॲरे ‘कुणाचे शेजारी कुठून सुरू’ याचा. प्रत्येक जोडी एकदाच नोंदवली तर अणूमागे ३७ नोंदी, एकूण ३७ लाख. पॉइंटर ठेवलेत तर प्रत्येकी ८ बाइट, ३२ बिटांचा इंडेक्स ठेवलात तर ४. जवळजवळ दीड कोटी बाइट वाचले, काहीही न गमावता.

हॅश टेबल वापरायचा का? पेटीला हद्द नसेल किंवा बहुतेक जागा रिकामी असेल, जसं धुळीचा लोट किंवा उडणारे थेंब, तर जरूर. गच्च भरलेल्या द्रवात नको. आणि गुरुत्वाकर्षणासारखं कुठेही न थांबणारं बल असेल तर कप्प्यांचा उपयोगच नाही. तिथे जोश बार्न्स आणि पीट हट यांनी १९८६ मध्ये दिलेलं ऑक्ट्रीचं तंत्र पाहा. त्यात दूरच्या कणांचा पुंजका एकच कण मानला जातो. ट्रीचे नोडही सुट्या ऑब्जेक्टांऐवजी एका सलग ॲरेत ठेवा आणि मुलांकडे इंडेक्सने बोट दाखवा.

तपासणी कशी करायची? लहान पेटीवर कप्प्यांचं उत्तर आणि सगळ्या जोड्यांचं उत्तर जुळवून. पण किती लहान? रहमान यांच्याइतके ८६४ अणू घेतले तर पेटी १० सिग्माच्या आसपास येते आणि बाजूला ३ च कप्पे बसतात. म्हणजे भोवतालचे २७ कप्पे हीच अख्खी पेटी! चाचणी पास होईल, पण कप्पे वगळण्याचा तर्क तपासलाच जाणार नाही. १,३७२ अणू घ्या (४ गुणिले ७ चा घन, म्हणजे पृष्ठकेंद्रित घनरचनेत नीट मांडता येतात). पेटी १२ सिग्माची होते, कप्पे ४. आणि बाजूला २ कप्पे येतील इतकी लहान पेटी दिली तर प्रोग्रॅमने सरळ नकार द्यावा, कारण तेव्हा डावा शेजारी आणि उजवा शेजारी एकच कप्पा असतो आणि जोड्या दोनदा मोजल्या जातात.

## पायरी ५ : अणूंचे प्रकार अनेक असतील तर

आर्गॉनमध्ये क्रिप्टॉन मिसळायचा झाला की पुन्हा ‘क्रिप्टॉन हा अणूचा उपवर्ग’ असं मनात येतं. नको. दोन्हींचं सूत्र एकच, फक्त सिग्मा आणि एप्सिलॉन (आकर्षणाची तीव्रता) वेगळे. प्रकार हा एक छोटा पूर्णांक, आणि ‘प्रकार गुणिले प्रकार’ असा एक तक्ता. बंध असतील तर बंधांची वेगळी यादी : पहिला अणू, दुसरा अणू, बंधाचा प्रकार. बंधांची यादी अणूच्या पोटात ठेवू नका.

## पायरी ६ : ओळख आणि जागा वेगळ्या ठेवा

शेजारी अणू मेमरीतही जवळ असले तर लूप पळतो. म्हणून अधूनमधून अणूंची मेमरीतली मांडणी कप्प्यांच्या क्रमाने नव्याने करावी. लॅम्प्सही असं करतं. पण मग काल ५ नंबरला असलेला अणू आज ७१,००० वर असतो. यासाठी ओळखक्रमांक कधीही बदलायचा नाही, इंडेक्स केव्हाही बदलू शकतो, आणि ओळखीवरून इंडेक्स सांगणारा एक ॲरे मांडणीनंतर ताजा करायचा. बंधांची यादी ओळखक्रमांकांनी साठवायची. पॉइंटर, इटरेटर आणि मघाचे प्रॉक्सी टाइमस्टेपच्या पलीकडे जपायचे नाहीत; व्हेक्टर (सी प्लस प्लसचा वाढू शकणारा ॲरे) वाढून नव्या जागी गेला की जुने पॉइंटर हवेत लोंबकळतात.

अणू काढायचा असेल तर शेवटचा अणू त्याच्या जागी आणा आणि लांबी एकने कमी करा. मधून काढून बाकीचे सरकवत बसू नका.

## पायरी ७ : क्रम पक्का ठेवा

हे दुर्लक्षित राहतं, म्हणून जरा थांबतो. दशांश आकड्यांची संगणकातली बेरीज क्रमावर अवलंबून असते. तेच तीन आकडे वेगळ्या क्रमाने मिळवले तर शेवटचा अंक हलू शकतो. द्रवातल्या अणूंच्या वाटा अशा फरकाला फार हळव्या असतात. तो झपाट्याने वाढतो आणि काही हजार टाइमस्टेपनंतर दोन रन पूर्णपणे वेगळ्या वाटांनी गेलेले असतात. सरासरी तापमान, दाब यांचं काही बिघडत नाही. पण ‘टाइमस्टेप ८,२१७ ला प्रोग्रॅम फुटतो’ असा बग पुन्हा उभा करता येत नाही.

याचं एक ठरलेलं कारण म्हणजे पॉइंटरांचा सेट. सेट पत्त्यांच्या क्रमाने लागतो, आणि हल्लीच्या ऑपरेटिंग सिस्टिम सुरक्षिततेसाठी प्रत्येक रनला पत्ते बदलतात. कोड तोच, इनपुट तेच, रँडम आकड्यांचा सीड (सुरुवातीचा आकडा) तोच, आणि उत्तर वेगळं. हॅश टेबलवरून फिरतानाही क्रमाची हमी नसते. लायब्ररी बदलली की क्रम बदलू शकतो. शोधण्यासाठी हॅश खुशाल वापरा, बेरजेसाठी फिरायचं ते इंडेक्सच्या क्रमाने. थर्मोस्टॅट रँडम आकडे वाटत असेल तर त्यालाही हाच नियम. अनेक थ्रेडवर बेरीज करताना हा प्रश्न वेगळ्या रूपात परत येतोच, पण निदान एका थ्रेडवर तरी उत्तर बिट न् बिट जुळलं पाहिजे.

## घटनांवर चालणारं सिम्युलेशन असेल तर

बर्नी ॲल्डर आणि टॉम वेनराइट यांनी १९५० च्या दशकात टणक गोलांचं सिम्युलेशन केलं तेव्हा ठरावीक टाइमस्टेप नव्हता; पुढची टक्कर कधी, तिथे थेट उडी. इथे मुख्य स्ट्रक्चर म्हणजे प्रायॉरिटी क्यू (सर्वांत आधी घडणारी घटना नेहमी वर ठेवणारी रांग), बहुतेकदा बायनरी हीप. अडचण अशी, की टक्कर झाली की त्या दोन गोलांच्या आधी नोंदवलेल्या टकरी रद्द होतात, आणि सी प्लस प्लसच्या तयार क्यूमधून मधलं काही काढताच येत नाही. जावाच्या क्यूमधून येतं, पण ते शोधायला सगळी रांग चाळावी लागते. काढूच नका. प्रत्येक गोलाला टकरींचा एक काउंटर द्या, घटनेत नोंदीच्या वेळचे दोन्ही काउंटर लिहून ठेवा, आणि घटना वर आल्यावर ते जुळले नाहीत तर फेकून द्या. मेलेल्या घटनांची गर्दी फार झाली की हीप नव्याने बांधा. एकाच वेळेच्या दोन घटनांसाठी चढता अनुक्रमांकही जोडा, नाहीतर त्यांचा क्रम हीपच्या मर्जीवर.

बँकेतली रांग, दवाखाना, शेदोनशे शेतकऱ्यांचं मॉडेल, अशा ठिकाणी मात्र साधे ऑब्जेक्ट ठेवा. घटक थोडे, नियम भरपूर. तिथे वाचनीयता घालवून मायक्रोसेकंद वाचवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार.

## पायथन आणि जावा

जावात ऑब्जेक्टांचा ॲरे म्हणजे प्रत्यक्षात संदर्भांचा ॲरे असतो, ऑब्जेक्ट मेमरीत विखुरलेले. लहान अक्षरातल्या ‘डबल’चे साधे ॲरे घ्या; ‘ॲरेलिस्ट’मध्ये डबल टाकले की प्रत्येक आकडा स्वतंत्र ऑब्जेक्ट बनतो.

पायथनमध्ये तर एक साधा फ्लोट २४ बाइटांचा, वर लिस्टमधला ८ बाइटांचा पॉइंटर. तेव्हा नमपाय या लायब्ररीचा तीन स्तंभांचा ॲरे हाच पाया, आणि त्याभोवती संचाचा क्लास. शेजारी शोधायला स्वतः कप्पे लिहिण्याआधी सायपाय या लायब्ररीतला ‘सीकेडी-ट्री’ (जवळचे बिंदू शोधणारं ट्री) वापरून पाहा. त्याला पेटीची लांबी दिली की आवर्ती सीमा तोच सांभाळतो. स्थानं मात्र शून्यापासून पेटीच्या लांबीच्या आत हवीत, नाहीतर तो एरर देतो. आणि इथे एक बारीक खाच आहे : अणू शून्याच्या अगदी किंचित खाली गेला असेल, तर ५० ने भागून बाकी काढल्यावर उत्तर ४९.९९९ न येता चक्क ५०.० येऊ शकतं, कारण त्या दोघांमधला फरक डबलमध्ये मावत नाही. सी प्लस प्लसमधल्या तुमच्या कप्प्यांनाही हाच अणू १७ नंबरचा, म्हणजे नसलेला, कप्पा मागतो. बाकी काढल्यानंतर ‘लांबीएवढं किंवा जास्त असेल तर शून्य कर’ ही एक ओळ दोन्हीकडे घालून ठेवा.